‘ऑकवर्ड’चे ताईने सांगितलेले अर्थ

माझी मोठी बहीण डावरी होती. जेवायची तेवढी उजव्या हाताने, कारण लहानपणी आईने डाव्या हातावर पळी मारून मारून तेवढं वळण लावलं होतं. बाकी कांदा चिरणं, केर काढणं, फळ्यावर लिहिणं, सगळं डाव्या हाताने. परळच्या एका मुलींच्या शाळेत ती इंग्रजी शिकवायची. आम्ही लालबागला राहत होतो. बाबा गिरणीच्या टाइम ऑफिसात होते. मी तेव्हा इंटरला होते आणि ताईच्या लग्नाचं बघणं चाललं होतं.

दोन-तीन ठिकाणांहून नकार आला होता. कारण कुणी तोंडावर सांगत नसे, पण एका बाईंनी जाता जाता आईला विचारलंच, “देवाचंसुद्धा डाव्या हातानेच करते का हो?” आई त्या दिवशी रडली. माहेरच्या मालवणीत ताईला म्हणाली, “बाये, लोकांसमोर तरी तो हात आवर गो.”

मग गिरगावचं स्थळ आलं. मुलाला आईवडील नव्हते, मामांनी वाढवलेला. फोर्टात एका गोऱ्या कंपनीत कारकून होता. मामा बोलके, स्वतःच्या इंग्रजीचा अभिमान असलेले. बगलेत इंग्रजी पेपर घेऊनच आले. चहा-पोहे झाल्यावर त्यांनी तो ताईपुढे धरला.

“एवढा कॉलम वाचून दाखवा बघू.”

ताईने वाचला. भाषावार प्रांतांबद्दलचाच मजकूर होता. तेव्हा पेपरात दुसरं काय असायचं! मुंबईच्या प्रश्नामुळे सरकारची स्थिती ‘ऑकवर्ड’ झाली आहे, असं त्यात एक वाक्य होतं. मामांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

“ऑकवर्ड म्हणजे काय?”

“तो कशाला लागलाय त्यावर आहे,” ताई म्हणाली.

“म्हणजे?”

“वेळ ऑकवर्ड असली तर अडनिडी म्हणायचं. वयसुद्धा अडनिडं. जागा असली तर अडचणीची. काम केलेलं असेल तर ओबडधोबड. माणूस असला तर वेंधळा, नाहीतर आडमुठा, दोन्ही होतं. आणि चार लोकांत बसून आपल्याला होतं ते कानकोंडं.”

“आणि इथे? सरकारला?”

“सरकार पेचात सापडलंय.”

बाबा मोठ्याने हसले. त्यांना त्या वाक्याचाच आनंद झाला. मामा मात्र परीक्षा सोडायला तयार नव्हते. त्यांनी खिशातलं फाउंटन पेन काढलं आणि चार ओळी लिहून दाखवायला सांगितल्या. ताईने सवयीने पेन डाव्या हातात घेतलं. आई खोकली. ताईने पेन उजव्या हातात घेतलं, एक अक्षर काढलं आणि कागदावर शाईचा मोठा डाग पडला.  तोवर गप्प बसलेला मुलगा पुढे वाकून म्हणाला, “डाव्यानेच लिहा की. अक्षर बघायचंय, हात कशाला बघायचा?”

चौथ्या दिवशी होकार आला. पौष संपला की सुपारी फोडायची असं ठरलं. ताई शाळेतून येताना गुणगुणायला लागली होती. ती गाऊ शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

पौष संपायच्या आतच मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं गेलं. त्यानंतरचे दिवस ज्यांनी काढले त्यांना ते सांगायला नकोत. आमच्या रस्त्यावर दगड, जळके टायर, पोलिसांच्या गाड्या. दारं-खिडक्या लावून आम्ही आतल्या खोलीत बसायचो. गोळीबाराचा आवाज फटाक्यांसारखा येतो असं म्हणतात, मला तो फळी मोडल्यासारखा वाटायचा. समोरच्या चाळीतला एक माणूस गॅलरीत उभा असताना गेला. बाबा त्या दिवसांत पेपर मिळाला की तो आमच्यापासून लपवून वाचायचे.

कर्फ्यू थोडा सैल झाला तेव्हा गिरगावहून मामांचे शेजारी निरोप घेऊन आले. मुलाला गोळी लागली होती. उजव्या हातात, कोपराच्या खाली. हात काढावा लागला होता.

 आई म्हणाली, “सुपारी फुटाक नाय हां अजून.”

बाबा म्हणाले, “शब्द दिलाय.”

“शब्द दोन हातवाल्याक दिललो.”

ताई आत गेली, साडी बदलून आली आणि मला म्हणाली, “चल.”

हॉस्पिटलात कॉट लागून कॉट होत्या, मध्ये जमिनीवरही माणसं. नातेवाईक, कार्यकर्ते, पोलीस, सगळ्यांची ये-जा चालू. आम्ही भावोजींच्या कॉटपाशी गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला ओळखलं आणि नमस्कार करायला हात उचलले. डावा हात छातीपाशी आला, बँडेज बांधलेलं उजव्या हाताचं टोक थोडं हललं आणि तिथेच थांबलं. त्यांनी डावा हात हळूच चादरीवर ठेवला.

“माफ करा,” ते म्हणाले.

ताईने सोबत मोसंबी नेली होती. ती सोलून द्यायची की नाही, बसायचं कुठे, बघायचं कुठे, काही कळत नव्हतं. शेवटी तिने मोसंबी सोलली आणि मी फोडी त्यांच्या हातात दिल्या.

“मोर्चात होता तुम्ही?” मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

“छे. दूध आणायला गेलो होतो. मामांचं शेंडेफळ तापाने आजारी होतं. दूध केंद्र उघडलंय असं कुणी तरी सांगितलं. येताना गल्लीच्या तोंडाशी...” 

तेवढ्यात चार-पाच कार्यकर्ते हार घेऊन आले. त्यांच्यातल्या पुढाऱ्याने भावोजींच्या गळ्यात हार घातला आणि घोषणा दिली. भावोजी म्हणाले, “अहो, मी तसा...” पण उशाशी बसलेल्या मामांनी त्यांचा खांदा दाबला. “तू पडून राहा.” दुसऱ्या दिवशीच्या पेपरात जखमी निदर्शकांच्या यादीत त्यांचं नाव आलं.

मी त्यांना भावोजी म्हणते आहे खरी, पण तेव्हा ते अजून आमचे कुणीच नव्हते.

हॉस्पिटलातून सुटल्यावर ते कंपनीत गेले तेव्हा गोऱ्या साहेबाने त्यांना खुर्ची दिली. तशी तो कारकुनांना कधी देत नसे. सहानुभूतीने बराच वेळ बोलला आणि शेवटी म्हणाला की परिस्थिती जरा ऑकवर्ड आहे. कारकुनाला लिहिता आलं पाहिजे, आणि कंपनीला अशा भानगडीत नाव यायला नको. तिथूनच ते आमच्याकडे आले आणि दारातूनच ताईला म्हणाले, “तुमचा शब्द आज साहेबाच्या तोंडून ऐकला. हा अर्थ तुम्ही त्या दिवशी सांगितला नव्हता.”

“कुठला?”

“नको असलेला.”

मग बाबांनीच विषय काढला. “आमची ताई शिकवील डाव्या हाताने लिहायला.” आईने पदराने तोंड झाकलं, पण नाही म्हणाली नाही.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असायची. दुपारी ते गिरगावहून यायचे. ताई आणि ते जमिनीवर पाटापुढे बसायचे आणि मी खिडकीत पुस्तक घेऊन. कागद कसा तिरका ठेवायचा, मनगट वाकडं न करता हात ओळीच्या खाली कसा ठेवायचा म्हणजे ओली शाई पुसली जात नाही, दौत कुठल्या बाजूला ठेवायची, हे ती सांगायची. स्वतःचं स्वतः शोधून काढलेलं ते सगळं ती पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती. ते मात्र चांगले विद्यार्थी नव्हते. लवकर चिडायचे. एकदा त्यांनी कागद चुरगाळून फेकला, दौत कलंडली, पाट निळा झाला.

“शाळेतल्या पोरींसारखं मला शिकवू नका. कीव करून घ्यायला येत नाही मी इथे.”

“शाळेतल्या पोरी तुमच्यापेक्षा शांत असतात,” ताई म्हणाली आणि फडकं आणायला उठली. पुढच्या शनिवारी ते येणार नाहीत असं मला वाटलं होतं. आले. चिडणं काही कमी झालं नाही, पण अक्षर सुधारत गेलं. आधी लहान मुलासारखं मोठं आणि वाकडं होतं, मग हळूहळू ताईच्या अक्षरासारखं दिसायला लागलं.

लग्न त्याच वर्षी झालं. आईने शेवटपर्यंत विरोध केला. ताईने एकदाच उत्तर दिलं. “आई, सुपारी फुटली नसेल. पण मी हो म्हटलं होतं.” लग्नात हार घालताना भावोजींना मामांनी दुसऱ्या बाजूने हाताचा आधार दिला. लग्नाला हॉस्पिटलात आलेले ते पुढारीही आले होते. त्यांनी चार शब्द बोलताना नवरदेवाच्या त्यागाचा उल्लेख केला. मी ताईकडे पाहिलं. मुंडावळ्यांमुळे तिचा चेहरा दिसला नाही.

त्याच पुढाऱ्यांच्या शब्दावर भावोजींना गिरगावातल्या एका वाचनालयात नोकरी मिळाली. चळवळीत हात गमावलेला तरुण म्हणून. मामा म्हणाले, “आता दुधाचं कुणाला सांगत बसू नकोस. देवाने एक काढून घेतलं, दुसरं दिलं.” 

सुरुवातीचे महिने बरे गेले असावेत. वाचनालयात जाडजूड इंग्रजी कोश होता. एक दिवस भावोजी घरी आले ते उत्साहातच. मी तिथे गेले होते. म्हणाले, “तुझ्या त्या शब्दाचं मूळ सापडलं आज. फार पूर्वी नुसतं ‘ऑक’ असं म्हणायचे. म्हणजे उलट्या बाजूचं. डाव्या हाताचं.”

“म्हणजे मी जन्मापासूनच ऑकवर्ड,” ताई म्हणाली.

“तू जन्माची, मी नंतर बाटलेला.”

दोघं हसली. त्यांना एकत्र हसताना मी पाहिल्याचं ते एवढंच आठवतं. अजूनही काही वेळा हसली असतील. मी काही रोज तिथे नव्हते.

पुढे सभांची बोलावणी यायला लागली. जानेवारीत हुतात्म्यांच्या आठवणीसाठी सभा व्हायची, तेव्हा भावोजींना व्यासपीठावर बसवायचे. ते बोलायचे नाहीत. त्यांच्या वतीने दुसरेच बोलायचे, आणि दर वर्षी गोष्ट वाढत जायची. आधी ते मोर्चात होते, मग मोर्चाच्या पुढे होते, मग हातात झेंडा आला. भावोजी घरी येऊन न जेवता झोपायचे. ताई म्हणायची, “सांगून टाका एकदा.”

“कुणाला सांगू? आणि सांगून झाल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर कुठे जाऊ?”

 बायका ताईला म्हणायच्या, “तुम्हाला किती अभिमान वाटत असेल ना!” ती मान हलवायची. मला एकदा म्हणाली, “मान कशी हलवायची याचंसुद्धा वळण पडतं बघ.”

मग महाराष्ट्र झाला, मुंबईसह. त्या दिवसांत गिरगावात पाय ठेवायला जागा नव्हती. कमानी, दिव्यांच्या माळा, चाळीचाळींतून गुढ्या. वाड्या-चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत एका मंडळाने संध्याकाळी सत्काराचा कार्यक्रम ठेवला होता. ताई तेव्हा अवघडलेली होती, सातवा संपत आला होता. तिला चालवत नव्हतं, पण तिने यायचंच म्हटलं. आम्ही दोघी बायकांच्या बाजूला पुढे बसलो.

व्यासपीठावर भावोजींच्या शेजारी एक बाई आणून बसवल्या. नऊवारी, डोक्यावर पदर. डिलाईल रोडला राहणाऱ्या. त्यांचा मुलगा गिरणीत बदली कामगार होता आणि त्या जानेवारीत गोळीबारात गेला होता. भाषणं चालली असताना त्या बाई भावोजींकडे वळून काहीतरी विचारत होत्या एवढं आम्हाला दिसत होतं. काय बोलणं झालं ते भावोजींनी नंतर सांगितलं.

बाईंनी विचारलं होतं, “तुमी म्होरं व्हता म्हनत्यात. माझा पोरगा दिसला व्हता का वो तुमास्नी?”

बाई पुढे सांगत गेल्या.

“उंच व्हता. निळा सदरा व्हता अंगात. शेवटाला काय म्हनला आसंल तर सांगा. मला कुनीच सांगितलं न्हाई.”

भावोजी म्हणाले, “बाई, मी तिथे नव्हतो. मी दूध आणायला गेलो होतो.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या रिकाम्या बाहीकडे पाहिलं. म्हणाल्या, “मंग तुमचा हात उगाच गेला की वो.”

भावोजी उठले ते आम्ही पाहिलं. त्यांचं नाव अजून पुकारलं नव्हतं. माइकपाशी जाऊन ते म्हणाले, “मी मोर्चात नव्हतो. मला येता-जाता गोळी लागली. ज्यांची मुलं खरोखर गेली ती माणसं इथे बसली आहेत. हार त्यांना घाला.”

 मागून कुणीतरी एकदा हसलं. मग अध्यक्ष पुढे झाले, माइक त्यांनी स्वतःकडे ओढला आणि म्हणाले, “पाहा, हा विनय! ज्यांनी केलं ते असंच म्हणतात!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावोजी म्हणाले, “विनय नाही हो, खरं सांगतोय,” पण माइक आता त्यांच्याजवळ नव्हता, आणि कुणाच्या तरी इशाऱ्यावर बँड सुरू झाला.

टाळ्या वाजवणाऱ्यांना काही कळलं नसेल. पण पुढच्या रांगांतल्या लोकांना कळलं होतं. खाली उतरताना त्यांच्यासाठी कुणी वाट केली नाही.

आम्ही तिघं घरी निघालो. दिव्यांच्या कमानींखालून गर्दी उलट दिशेने येत होती. ताई पोटाला हात धरून सावकाश चालत होती.

“बरं झालं बोललात,” ती म्हणाली.

“कुणाचं बरं झालं?”

 घरी गेल्यावर ताईने पिठलं टाकलं. भावोजी जेवले, हे मला आठवतं. ताटातलं सगळं जेवले.

वाचनालयात त्यांना कुणी काढून टाकलं नाही. फक्त वर्गणीदार त्यांच्याकडून पुस्तकं घेताना वर बघेनासे झाले. काही दिवसांनी कार्यवाहांनी त्यांना बोलावून सांगितलं की आम्हाला फार ऑकवर्ड झालंय हो, तुम्ही निदान त्या दिवशी तरी बोलायला नको होतं. भावोजींनी त्याच आठवड्यात काम सोडलं. मामांनी बोलणं टाकलं. ज्या घरात भावोजी वाढले त्याच्यासमोरून जाताना ते दुसऱ्या फुटपाथने जायचे.

मुलगी झाली. भावोजी तिला उचलायला घाबरायचे, पडेल म्हणून. ती बसायला लागेपर्यंत त्यांनी तिला घेतलं नाही. शेजारी बसून नुसते तिच्याकडे बघायचे. मग ती स्वतःच त्यांच्या अंगावर चढायला लागली.

ताईच्या सांगण्यावरून ते एकदा डिलाईल रोडला त्या बाईंकडे गेले. ताईही बरोबर होती. खोलीत मुलाचा फोटो, त्याला वाळलेला हार. बाईंनी चहा केला. कपबशी भावोजींच्या डाव्या हाताच्या बाजूला ठेवली.  खालून नळावरच्या बायकांचा आवाज येत होता. चहा संपला तेव्हा बाई म्हणाल्या, “येत जावा.” भावोजी पुन्हा गेले नाहीत. ताई जात राहिली. बाई गावी निघून गेल्या तोपर्यंत, सणासुदीला काहीतरी घेऊन. काय बोलायच्या दोघी? मी विचारलं होतं. ताई म्हणाली, “त्या मुलाबद्दल बोलतात. मी ऐकते.”

भावोजी घरी मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचे. चिडके मास्तर म्हणून मुलं टिकत नसत. घर ताईच्या पगारावर चाललं. त्यांना काविळीने नेलं तेव्हा मुलगी शाळेत होती. अंत्ययात्रेला फारशी माणसं नव्हती. मंडळाचं कुणी आलं नाही. मामा आले, पण कोपऱ्यापर्यंतच, आणि तिथूनच परत गेले.

ताई नोकरी संपेपर्यंत त्याच शाळेत शिकवत होती. आता दादरला मुलीकडे असते. परवा मी गेले तेव्हा दोघी बराच वेळ नुसत्याच बसलो होतो. आम्हा बहिणींमध्ये आता तसंच होतं, पहिली दहा-पंधरा मिनिटं विषय सापडत नाही. मी उगाच विचारलं, “तुला भावोजी आठवतात का गं?”

“रोज नाही,” ताई म्हणाली. मग कुकरची शिट्टी झाली, तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली.